मऊ मातीची मार्कीझ

राजाने दुकान मांडावे आणि सरदारांनी गिऱ्हाईक व्हावे, असा प्रकार इतिहासात फार वेळा घडला नसेल. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये तो वर्षानुवर्षे घडत होता. नाताळ जवळ आला, की व्हर्सायच्या राजवाड्यात पंधराव्या लुईच्या खासगी दालनांमध्ये टेबले मांडली जात. कारखान्यातून आलेले पेटारे उघडले जात. कपबश्या, तबके, फळांच्या थाळ्या, फुलदाण्या बाहेर निघत. राजेसाहेब स्वतः एकेक वस्तू हातात घेऊन दाखवीत आणि किंमत सांगत. दरबारी मंडळींची मोठी पंचाईत होई. घ्यावे तर खिशाला कात्री, न घ्यावे तर महाराजांची खप्पामर्जी! बहुतेक जण मुकाट्याने घेत.

या दुकानामागे एक बाई उभी होती. जग तिला मादाम द पॉम्पादूर या नावाने ओळखते. ती पंधराव्या लुईची उपपत्नी. आपल्या पेशवाईच्या कागदपत्रांत अशा बाईला नाटकशाळा म्हटले गेले असते. फ्रेंच दरबारात मात्र राजाची मुख्य उपपत्नी हे जवळजवळ एक पदच होते. त्या पदाला राजवाड्यात दालन होते, मानपान होता आणि ते हिरावून घ्यायला टपलेली शंभर माणसे होती. तिच्यावर आजवर उदंड लिहिले गेले. कोणी तिच्या शयनगृहात डोकावले, कोणी तिच्या कारस्थानांची मोजदाद केली. मला तिचे चरित्र तिच्या जेवणाच्या टेबलावरून वाचावेसे वाटते. ज्या भांड्यांवर तिने जीव टाकला, त्यांची आणि तिची जातकुळी एकच होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

२९ डिसेंबर १७२१ रोजी पॅरिसमध्ये ज्यां-आंत्वानेत प्वासों जन्मली. प्वासों म्हणजे मासा. वडील पारी बंधू नावाच्या बड्या सावकारांचे कारभारी होते. मुलगी लहान असतानाच धान्यखरेदीच्या व्यवहारावरून त्यांच्यावर घोटाळ्याचा ठपका आला आणि त्यांना देश सोडून पळावे लागले. ल नॉर्मां द तुर्नेम या धनिक गृहस्थाने मुलीच्या शिक्षणाचा भार उचलला. गाणे, नाच, चित्रकला, अभिनय, पाठांतर... सरदारघराण्यातल्या मुलींना मिळणार नाही असे शिक्षण या मध्यमवर्गीय मुलीला मिळाले. ती नऊ वर्षांची असताना एका ज्योतिषीण बाईने भविष्य सांगितले, की ही पोर एक दिवस राजाचे मन जिंकील. घरात तिचे नाव पडले रेनेत, म्हणजे छोटी राणी. दिवस पालटल्यावर ती त्या ज्योतिषिणीला विसरली नाही. तिने तिला ६०० लिव्रांची नेमणूक बांधून दिली. तिच्या हिशेबाच्या कागदांत तशी नोंद आहे.

१७४१ मध्ये तुर्नेमच्या पुतण्याशी तिचे लग्न झाले. एक मुलगा तान्हेपणीच गेला, १७४४ मध्ये मुलगी झाली. तिचे नाव आलेक्सांद्रीन. फेब्रुवारी १७४५ मध्ये युवराजाच्या विवाहानिमित्त व्हर्सायला मुखवट्यांचा नाच झाला. राजा कातरलेल्या बागेतल्या झाडाचे सोंग घेऊन आला होता. त्या दिवसांत दोघांची जवळीक जुळली आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत पुढचे सगळे ठरून गेले. राजा फ्लँडर्सच्या मोहिमेवर गेला असताना या बाईला दरबारी रीतिभाती शिकवायला एक जाणकार पाद्री नेमला गेला. कोणाला किती वाकून मुजरा करायचा, कोणत्या घराण्याचा कोणाशी काय संबंध, कोणता शब्द दरबारात चालतो आणि कोणता बाजारी समजला जातो, हे सारे तिने घोकून काढले. निर्वंश झालेल्या एका घराण्याची जहागीर राजाने तिच्यासाठी विकत घेतली. १४ सप्टेंबर १७४५ रोजी ती मार्कीझ द पॉम्पादूर म्हणून दरबारात उभी राहिली. दरबार गालातल्या गालात हसला. तिच्या माहेरच्या माशावरून पॅरिसच्या गल्ल्यांत टवाळखोर कवने फिरू लागली. तिचे मार्कीझपण अस्सल नाही, हे कोणी तिला विसरू देत नव्हते.

आता मातीकडे वळू. आपल्या भाषेने या वस्तूचे मूळ गाव तिच्या नावातच जपून ठेवले आहे: चिनी माती. ही पांढरी, टणक, उजेडासमोर धरली तर किंचित पारदर्शक दिसणारी भांडी शतकानुशतके चीनमधून युरोपात जात होती आणि ती कशी करतात हे युरोपला कळत नव्हते. सॅक्सनीच्या राजाने एका किमयागाराला कोंडून ठेवून ते रहस्य शोधायला लावले आणि १७१० मध्ये मायसनचा कारखाना उभा राहिला. या रहस्याचे मर्म होते केओलिन नावाची पांढरी माती. ती सॅक्सनीत सापडली, फ्रान्समध्ये सापडत नव्हती. तरीही १७४० मध्ये, म्हणजे इकडे साताऱ्यात नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळाली त्याच वर्षी, पॅरिसच्या पूर्वेला व्हँसेनच्या जुन्या किल्ल्यात काही कारागिरांनी भट्टी पेटवली.

हाताशी केओलिन नसताना त्यांनी काय केले? वाळू, सोरा, मीठ, तुरटी, सोडा असे जिन्नस वितळवून एक काचेसारखा गोळा केला. तो दळला. त्यात खडू आणि चुनखडीची माती मिसळली. हा लगदा इतका भुसभुशीत होता, की चाकावर उभाच राहीना. म्हणून त्यात साबण आणि सरस घालावा लागे. भट्टीत तो कधी वाकडा होई, कधी बसकण मारी. एका भाजणीने भागत नसे. आधी कोरी भाजणी, मग शिशाची झिलई देऊन दुसरी, मग रंगांसाठी आणखी, शेवटी सोन्याच्या मुलाम्यासाठी पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी काही नग दगावत. जे हाती येई त्याला जाणकार मऊ मातीचे पोर्सेलिन म्हणतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते अस्सल चिनी मातीचे भांडे नव्हेच!

पण गंमत अशी, की या नकली मातीवर रंग जसा खुलला तसा अस्सल मातीवर खुलेना. मायसनच्या कठीण झिलईवर रंग वर बसतो, जरा कोरडा दिसतो. व्हँसेनच्या मऊ झिलईत तो विरघळून आत उतरतो, साईत केशर उतरावे तसा. म्हणूनच तिथल्या भांड्यांवर असे रंग आले की ज्यांना तोड नव्हती. कोबाल्टचा गडद निळा आला, १७५३ च्या सुमारास तांब्यापासून केलेला आकाशी आला आणि १७५७ च्या सुमारास सोन्यापासून काढलेला गुलाबी आला. या गुलाबी रंगाला पुढे लोकांनी रोझ पॉम्पादूर असे नाव दिले. कारखान्याच्या वहीत तो नुसताच गुलाबी आहे.

मला या बाईची आणि या मातीची जातकुळी एक वाटते ती इथे. दोघींपाशी मूळचा ऐवज नव्हता, मातीपाशी केओलिन नव्हते आणि बाईपाशी खानदान नव्हते. दोघींनी दुसरे जिन्नस कालवून, पुन्हा पुन्हा भट्टीत जाऊन, अस्सलांना जमले नाही असे काही साधले.

हा कारखाना पॉम्पादूरने काढला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. ती व्हर्सायला येण्याआधी पाच वर्षे तो सुरू झाला होता. तिने केले ते वेगळे आणि तितकेच मोलाचे होते. तिने राजाला या वस्तूंची गोडी लावली, स्वतः सतत खरेदी केली आणि आपल्या आवडत्या कलावंतांना या मातीकडे वळवले. लाझार द्युवो नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्याची १७४८ ते १७५८ या काळातली रोजकीर्द उपलब्ध आहे. तिच्या पानापानावर या बाईची खरेदी दिसते. फ्रांस्वा बूशे या तिच्या लाडक्या चित्रकाराची गुबगुबीत बाळे कपांवर आणि बश्यांवर उतरली. सोनारकामात मुरलेल्या द्युप्लेसीने भांड्यांचे आकार घडवले. एलो या रसायनतज्ज्ञाने रंगांच्या कृती लिहून ठेवल्या. १७५३ मध्ये राजाने कारखान्यात भाग घेतला आणि भांड्यांच्या तळाशी एकमेकांत गुंतलेले दोन एल हे राजचिन्ह आले. भांड्यांवर सोने चढवण्याचा हक्क फर्मानाने या एकाच कारखान्याकडे राहिला. १७५६ मध्ये कारखाना सेव्र या गावी हलला. तिथून टेकडीवर पॉम्पादूरचा बेलव्ह्यू हा महाल दिसत असे.

या भांड्यांची शैली ती रोकोको. हे नावही नंतरचे, आणि मुळात थट्टेने ठेवलेले. बागेतल्या कृत्रिम गुहांमध्ये शिंपले आणि खडक जडवीत, त्या कामाच्या फ्रेंच नावावरून ते आले. चौदाव्या लुईच्या काळातला तोलून मापून केलेला भारदस्तपणा या शैलीला नकोसा झाला होता. रेषा सरळ जाण्याऐवजी वळण घेते. डावी बाजू उजवीसारखी असलीच पाहिजे असा हट्ट नाही. कपाचा कान म्हणजे वळलेली डहाळी, झाकणाची मूठ म्हणजे एखादे फळ किंवा उमलते फूल, बशीची कड लाटेसारखी. निळ्या किंवा गुलाबी जमिनीत पांढरी खिडकी सोडायची, तिला सोन्याची वेलबुट्टी काढायची आणि आत पक्षी, फुले किंवा खेळणारी मुले रंगवायची.

ही भांडी कशासाठी होती, तेही पाहू. थोरल्या राजांचे जेवण म्हणजे जाहीर सोहळा. राजा जेवतो आहे आणि लोक उभे राहून पाहताहेत! पंधराव्या लुईला त्याचा कंटाळा होता. त्याला आवडत ती मोजक्या माणसांची रात्रीची जेवणे. नोकर बाहेर, कॉफी राजा स्वतः करणार. अशा बैठकीत सोन्याचांदीचे अवजड ताट शोभत नाही. शिवाय चांदीचा पेला गरम कॉफीने ओठ भाजतो, चिनी मातीचा भाजत नाही. फळांच्या थाळ्या, बर्फाच्या गोडाचे पेले, मद्याच्या बाटल्या गार ठेवायच्या बादल्या, पेले उलटे टांगून थंड करायची कंगोऱ्याची भांडी, सूपचा झाकणाचा वाडगा... प्रत्येक छोट्या सुखासाठी एक वेगळे भांडे निघाले. लुईसाठी आकाशी रंगाचा जो संच १७५३ ते १७५५ या काळात तयार झाला, त्याला सुमारे ८७ हजार लिव्र पडले. एका नाजूक बाईने एका कंटाळलेल्या राजासाठी रचलेले हे खासगी जग होते.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय चिनी मातीचे दालन आहे. सेव्रच्या भांड्यांपुढे उभे राहिलो, की मला एक गोष्ट जाणवते. या शैलीच्या भांड्यांवर कधी पाऊस पडत नाही. तिथे कोणी म्हातारे नाही, कोणी आजारी नाही, आणि नांगर दिसला तरी घाम दिसत नाही. सगळीकडे मे महिन्यातली फ्रेंच सकाळ. आमच्या लहानपणी मध्यमवर्गीय घरांतल्या शोकेसमध्ये फुलांच्या नक्षीचा एक टी-सेट असे. तो पाहुण्यांसाठीही क्वचितच निघे. तो वापरायचा नव्हताच. आपल्या घरातही एक निवांत, न सांडणारी दुपार आहे, एवढे सांगायला तो होता. त्या टी-सेटची दूरची पणजी मला या कपाटांत भेटते.

पॉम्पादूरच्या आयुष्यात मात्र पाऊस फार होता. छाती कमकुवत, खोकल्यातून रक्त पडे. १७५० च्या सुमारास राजाशी असलेला शरीरसंबंध संपला. दरबाराला वाटले, आता हिचे दिवस भरले. पण ती मैत्रीण, सल्लागार, व्यवस्थापक म्हणून राहिली, आणि हे टिकणे रूपावर टिकण्यापेक्षा कितीतरी अवघड होते. रोज सकाळी नवा पेहराव, नवे नाटक, नवी वस्तू, नवा विनोद. राजा कंटाळला की खेळ आटोपला! बेलव्ह्यूच्या महालात तिने ऐन हिवाळ्यात चिनी मातीच्या फुलांचा बगीचा मांडला, त्यांवर अत्तरे शिंपडली आणि राजा फूल हुंगायला वाकला, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, व्हँसेनमध्ये अशी फुले खरोखरच होत आणि ती करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. १७४९ मध्ये फ्रान्सच्या युवराज्ञीने आपल्या वडिलांना अशा ४८० फुलांचा गुच्छ पाठवला. वडील म्हणजे मायसनचा मालक, सॅक्सनीचा राजा! तो गुच्छ ड्रेस्डेनला आजही आहे.

जून १७५४ मध्ये आलेक्सांद्रीन कॉन्व्हेंटमध्ये अचानक आजारी पडून गेली. दहाव्या वर्षात होती. काही दिवसांतच तिचे आजोबा, पॉम्पादूरचे वडीलही गेले. त्यानंतरही जेवणाची टेबले मांडली जात होती, कप बदलले जात होते. १७५५ मध्ये मोरिस कांतें द ला तूर या चित्रकाराने तिचे मोठे चित्र पूर्ण केले. त्यात तिच्या शेजारच्या टेबलावर दिदरोच्या ज्ञानकोशाचा खंड आहे. हाच दिदरो १७४९ मध्ये आपल्या लेखनापायी व्हँसेनच्या किल्ल्यात कैदेत होता. एकाच किल्ल्यात एकीकडे फुले भाजली जात होती आणि दुसरीकडे विचार कोंडला जात होता. ही बाई दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभी होती.

ही भांडी राजकारणातही उतरली. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांचे पिढीजात वैर मिटवणाऱ्या १७५६ च्या तहाची बोलणी बेलव्ह्यूच्या आवारातल्या एका छोट्या घरात सुरू झाली आणि त्यात पॉम्पादूर होती. १७५८ मध्ये लुईने ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाला हिरव्या फितींच्या नक्षीचा सेव्रचा संच नजर केला. तो व्हिएन्नाला आजही जपलेला आहे. पण मैत्रीचा हा तह फ्रान्सला सात वर्षांच्या युद्धात घेऊन गेला. पराभवामागून पराभव आले. जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतावर आपली एक पिढी कापली गेली त्याच आठवड्यात, फ्रेंचांचे पुद्दुचेरी इंग्रजांच्या हाती पडले. १७६३ च्या तहात कॅनडा गेला. लोकांनी सारे खापर पॉम्पादूरच्या माथी फोडले.

या युद्धातले १७५९ हे वर्ष मला फार बोलके वाटते. खजिना रिकामा झाला म्हणून राजाने आपली चांदीची भांडी टाकसाळीत वितळायला धाडली आणि सरदारांनाही तसे करायला लावले. पॉम्पादूरनेही आपली चांदी दिली. त्याच वर्षी राजाने सेव्रचा तोट्यातला कारखाना संपूर्ण विकत घेतला. शेतकरी करांखाली वाकलेला असताना हा व्यवहार झाला. त्याचे समर्थन मी करणार नाही. गुलाबी कपाच्या किमतीत किती घरांची चूल पेटली असती, हा प्रश्न त्या कपाइतकाच खरा आहे. मात्र तो विचारताना बशी उलटी करूनही पाहावी. तळाशी राजाच्या दोन एलच्या मध्ये वर्षाचे अक्षर असते, आणि बाजूला एखादी लहानशी खूण, टिंब किंवा आद्याक्षर. ती ज्याने फुले रंगवली त्याची खूण. त्या खुणांवरून आज अनेक कारागिरांची नावे सांगता येतात. वरच्या बाजूला नसलेला घाम खालच्या बाजूला सही करून गेला आहे.

१५ एप्रिल १७६४ रोजी पॉम्पादूर व्हर्सायमध्येच वारली. वय ४२. राजघराण्याबाहेरच्या कोणी त्या वाड्यात मरू नये असा संकेत होता, तो राजाने तिच्यासाठी मोडला. दोन दिवसांनी भर वादळी संध्याकाळी तिची अंत्ययात्रा पॅरिसकडे निघाली. राजाला रिवाजाने मागे जाता येत नव्हते. तो सज्जात उभा राहून दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला आणि रडला, असे त्या वेळच्या लोकांनी नोंदवले आहे. तिच्या चीजवस्तूंची यादी करायला कित्येक महिने लागले.

चार वर्षांनी, १७६८ मध्ये लिमोजजवळ केओलिन सापडले. फ्रान्सला अस्सल चिनी माती मिळाली. १८०० मध्ये आलेल्या नव्या संचालकाने सेव्रमधली मऊ माती बंद करून टाकली. ती महाग होती, बेभरवशाची होती. आज जगभरचे संग्राहक जिवापाड जपतात ती मात्र तीच मऊ माती.

मध्यंतरी राज्यक्रांती होऊन गेली. १७९३-९४ मध्ये व्हर्सायचे सामान लिलावात फुंकून टाकले गेले. बेलव्ह्यूचा महालही पुढे पाडला गेला. फ्रान्सच्या राजांची चांदी १६८९, १७०९ आणि १७५९ मध्ये वितळली होती, उरलीसुरली क्रांतीने वितळवली. चांदी टिकाऊ, म्हणून लोक तिच्यावर भरवसा ठेवतात. पण चांदीची नाणी पाडता येतात, आणि तेच तिच्या मुळावर आले. फुटक्या कपाला मोल नाही, म्हणून कप फोडून कोणाचा फायदा नव्हता. तो हातोहात विकला गेला, समुद्र ओलांडून गेला, कापसात गुंडाळून ठेवला गेला. लुईच्या त्या आकाशी संचाचा मोठा भाग आज इंग्लंडमधल्या बाउटन हाउसमध्ये आहे. पॉम्पादूरचा गुलाबी लूव्हरमध्ये आहे. आणि पॅरिसमध्ये ज्या मठाच्या चर्चमध्ये तिला लेकीशेजारी पुरले होते, तो मठ केव्हाच नाहीसा झाला.